म्हातारा बैल, कोवळं वासरू: अमळनेरकडच्या एका जिनिंगमधला सर्व्हर

अमळनेरपासून थोड्या अंतरावर एक जिनिंग-प्रेसिंग आहे. मालकांना सगळे आबा म्हणतात, म्हणून इथेही आबाच. हंगामात कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर पार रस्त्यापर्यंत जाते. काटा पाच मिनिटं जरी थांबला तरी शेतकरी ऑफिसच्या दारात येऊन उभे राहतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे जे ठरलं ते या रांगेकडे बघूनच ठरलं.

मी जळगावला असतो. जिल्ह्यातल्या काही डाळमिल, पतसंस्था आणि जिनिंगचे सर्व्हर सांभाळतो. कंपन्यांची वार्षिक देखभालीची कंत्राटं वगैरे नाहीत. फोन आला की गाडीला किक मारायची आणि निघायचं.

आबांचा सर्व्हर २०११ च्या सुमाराचा. त्यात इंटेल झिऑन एक्स-५६५० चे दोन प्रोसेसर, प्रत्येकी सहा कोअर. ६४ जीबी रॅम, एका रेड कार्डावर (अनेक डिस्क एकत्र बांधून सांभाळणारं कार्ड) चार डिस्क. व्हीएमवेअर कंपनीचं ईएसएक्सआय ६.५, म्हणजे एकाच सर्व्हरच्या पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, त्यावर चालायचं, आणि तेसुद्धा मदरबोर्डवर आतल्या बाजूला खोचलेल्या एका पेनड्राइव्हवरून. आत तीन व्हर्च्युअल मशीन होती. एकावर टॅली आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर फाइलींचा साठा, आणि तिसऱ्यावर विंडोज ७ मध्ये वजनकाट्याचं सॉफ्टवेअर. काट्याच्या इंडिकेटरची सिरीयल केबल थेट सर्व्हरच्या मागे लावलेली होती. हे सगळं माझ्याआधी कुणीतरी बसवून गेलेलं. बसवलं होतं बरं. फक्त घरी बसून बघता यावं म्हणून त्याने राउटरवर पोर्ट उघडून ईएसएक्सआयचं लॉगिनचं पान सरळ इंटरनेटवर मांडून ठेवलं होतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्ज या रॅन्समवेअरची, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामची, बातमी आली. ३ फेब्रुवारीला फ्रान्सच्या सायबर यंत्रणेने इशारा दिला आणि मग जगभरातून कुलूप लागलेल्या सर्व्हरच्या खबरा येऊ लागल्या. हल्ला ओपन-एसएलपी नावाच्या सेवेतल्या भोकातून होत होता असं समजलं. ते भोक बुजवणारा पॅच तर फेब्रुवारी २०२१ मध्येच आलेला. आबांच्या मशीनवर तो नव्हता. आबांच्या दिवाणजींनी ती बातमी कुठेतरी वाचली आणि मला फोन केला, "सर, आपलं पण तेच आहे ना?"

त्याच दुपारी राउटरवरचा पोर्ट बंद केला आणि ईएसएक्सआयमधली एसएलपी सेवा थांबवून पुन्हा सुरू होणार नाही अशी केली. दहा मिनिटांचं काम. खरं तर तातडीचा धोका तिथेच टळला होता. पण ६.५ आणि ६.७ या दोन्ही आवृत्त्यांचा अधिकृत आधार १५ ऑक्टोबर २०२२ ला संपलेला, म्हणजे पुढचं भोक सापडलं तर त्याला पॅच मिळणारच नव्हता. म्हणून ठरवलं, हंगाम उरकला की मे महिन्यात ७.० वर जायचं.

मे महिन्याची गोष्ट

मेमध्ये जिनिंग शांत असते. मजूर गावी गेलेले, मशिनांना ग्रीस लावून ठेवलेलं, आणि खान्देशचं ऊन असं की दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. सर्व्हरच्या खोलीत एसी होता, पण भारनियमनात तो इन्व्हर्टरवर चालत नसे. तेव्हा दरवाजा उघडा आणि पंखा लावलेला, अशी व्यवस्था.

जाण्याआधी एक काम करायला हवं होतं, ते मी अर्धवटच केलं. व्हीएमवेअरच्या सुसंगततेच्या यादीत झिऑन ५६०० मालिका शोधली, तर तिच्यापुढे शेवटची आवृत्ती ६.७ लिहिलेली. ७.० नाहीच. या मालिकेचं घराणं वेस्टमियर, बाजारात आलं २०१० मध्ये, आणि ७.० ने ते घराणं यादीतून काढलेलं. हे वाचलं आणि मनात म्हटलं, यादीत नसलं म्हणून काय झालं, तो प्रोसेसर जाग्यावर आहे ना. यादीच्या त्याच पानावर डिस्क आणि रेड कार्डांचं वेगळं सदर असतं. ते उघडलं नाही.

जुना पेनड्राइव्ह उपसून डबीत ठेवला. ही सवय मी सगळ्यांना सांगतो: चालू असलेलं ईएसएक्सआय ज्या माध्यमावर आहे ते बाहेर काढून ठेवायचं आणि प्रयोग दुसऱ्यावर करायचा. नवा पेनड्राइव्ह खोचला, ७.० चा इन्स्टॉलर दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर होताच, सर्व्हर सुरू केला.

इन्स्टॉलरने यंत्रणा तपासली आणि एकाच पडद्यावर दोन तक्रारी दाखवल्या. पहिली इशारा होती: हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन या प्रोसेसरमध्ये नाही किंवा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू केलेलं नाही. दुसरी थेट एरर: सीपीयू सपोर्ट एरर, या होस्टमधला प्रोसेसर ईएसएक्सआयच्या या आवृत्तीला चालत नाही. खाली पुढे जाण्याचं बटणच नाही, फक्त रीबूट.

पहिली तक्रार बघून मी चक्रावलो. बारा वर्षं ज्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन चालली, त्याला आज व्हर्च्युअलायझेशन नाही? बायोसमध्ये गेलो तर घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ चा सेल मेला होता. मघाशी मी मशीनचा प्लग काढून झाकण उघडलं, तेवढ्यात बायोस सगळं विसरून कारखान्याच्या मूळ सेटिंगवर गेला, आणि त्या मूळ सेटिंगमध्ये व्हीटी, म्हणजे तेच हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन, बंद होतं. गावातल्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, व्हीटी चालू केलं, वेळ लावली. इशारा गेला.

दुसरी तक्रार मात्र तशीच. इथे थांबून एक फरक सांगायला हवा, कारण मला फोन करणारे निम्मे लोक इथेच गोंधळतात. प्रोसेसरवरून इन्स्टॉलर अडला की तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक तर क्षमता आहे पण बंद आहे. ती बायोसमध्ये सापडते. दुसरी, क्षमता आहे, चालू आहे, पण उत्पादकाने त्या घराण्याची चाचणी घेणं थांबवलं आणि यादीतून नाव काढलं. म्हणजे दार लावलेलं आहे, भिंत नाही. आणि तिसरी, सॉफ्टवेअरला जी सूचना (प्रोसेसरला कळणारी आज्ञा) लागते ती त्या सिलिकॉनमध्ये मुळातच नाही. ती खरी भिंत. पडद्यावरचे शब्द तिन्ही वेळी साधारण सारखेच दिसतात, त्यामुळे शब्दांवर जाऊन उपयोग नसतो. घराणं आणि त्याच्याकडे कोणत्या सूचना आहेत ते बघावं लागतं. वेस्टमियर आणि ७.० हे दुसऱ्या प्रकारात मोडतं.

दार उघडण्याची युक्ती जगजाहीर आहे. इन्स्टॉलर सुरू होताना पाच सेकंदांची उलटी मोजणी दिसते, तेवढ्यात शिफ्ट आणि ओ दाबायचं. खाली एक ओळ उमटते, तिच्यात आधीपासून रनवीझल वगैरे लिहिलेलं असतं. वीझल हे त्या इन्स्टॉलरचंच नाव. मुंगसासारखा दिसणारा चपळ प्राणी आहे म्हणे, आणि इन्स्टॉलरही खरंच बिळातून शिरल्यासारखा शिरतो. तर त्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून अलाऊ-लेगसी-सीपीयू, मध्ये जागा किंवा रेघ न देता, मग बरोबरचं चिन्ह आणि ट्रू. लेगसीचा एल आणि सीपीयूची तिन्ही अक्षरं मोठी. एंटर.

हे इतकं फोडून लिहितो याला कारण आहे. पहिल्या दिवशी लाइट गेले, मी जेवायला गेलो, आणि लाइट आल्यावर ऑपरेटर पोराला मी फोनवर ही ओळ सांगत होतो. त्याने लेगसीमध्ये आय घातला. इन्स्टॉलरने काहीच तक्रार केली नाही, चुकीचा पर्याय गुमान गिळला, आणि पुन्हा तीच एरर. पंधरा मिनिटं आम्ही दोघं प्रोसेसरला शिव्या घालत होतो.

बरोबर लिहिल्यावर एररची इशाऱ्यात बदली झाली, पुढे जाण्याचं बटण आलं, आणि इन्स्टॉल नव्या पेनड्राइव्हवर सुरळीत पार पडला. पहिल्यांदा सुरू होतानाही मी तेच शिफ्ट-ओ केलं. मग बूटबँकमधली बूट डॉट सीएफजी ही फाइल उघडून त्यातल्या कर्नेलऑप्ट या ओळीत तो शब्द आहे का बघितलं आणि नव्हता तिथे घातला. तो आपोआप टिकेल यावर मी विसंबत नाही. रात्री दोनला लाइट जाऊन येतात तेव्हा शिफ्ट-ओ दाबायला तिथे कुणी नसतं. पुढे पॅच टाकताना ईएसएक्ससीएलआय या आज्ञेला नो-हार्डवेअर-वॉर्निंग हा पर्याय जोडावा लागतो, नाहीतर अपडेटही त्याच कारणाने अडतो.

राखाडी-पिवळा पडदा आला, त्यावर पत्ता आला. आबा स्वतः बघायला आले होते. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून लॉगिन केलं आणि स्टोरेजवर क्लिक केलं.

रिकामं.

डिस्कच नाहीत

चार डिस्क, त्यांच्यावरचं रेड, त्यावरचा डेटास्टोअर (मशीनच्या फाइली ठेवायची जागा), तिन्ही मशीन: काही दिसत नव्हतं. आबांच्या तोंडावरचा रंग मी अजून विसरलो नाही. जुना पेनड्राइव्ह डबीत होता आणि डिस्कांना मी बोटही लावलं नव्हतं, त्यामुळे काही बुडालेलं नाही हे मला माहीत होतं. आबांना नव्हतं. मशीन बंद करून जुना पेनड्राइव्ह परत घातला, ६.५ सुरू झालं, तिन्ही मशीन उभी राहिली. तेव्हा कुठे त्यांनी चहा सांगितला.

कारण मी न उघडलेल्या त्या सदरात होतं. ईएसएक्सआय वर्षानुवर्षं लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे कार्डांशी बोलणारे छोटे प्रोग्राम, एका मधल्या थरातून चालवायचं, त्याचं नाव व्हीएमके-लिनक्स. ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, व्हीएमवेअरने स्वतःच्या पद्धतीचे ड्रायव्हर आणायला सुरुवात केली आणि ७.० मध्ये, २०२० साली, तो मधला थरच काढून टाकला. ज्या कार्डांसाठी नवा ड्रायव्हर कुणी लिहिला नाही ती कार्डं त्या दिवशी अदृश्य झाली. आबांचं रेड कार्ड त्यातलंच.

म्हणजे प्रोसेसरचं दार उघडून मी आत गेलो आणि आत खोलीच नव्हती. मला आता वाटतं, प्रोसेसरच्या यादीकडे केवळ प्रोसेसरची यादी म्हणून बघू नये. ज्या काळातला प्रोसेसर त्याच काळातलं रेड कार्ड, त्याच काळातलं नेटवर्क कार्ड. त्या घराण्याचं नाव यादीतून गेलं म्हणजे आजूबाजूचं सामानही गेलेलं असण्याची दाट शक्यता असते. प्रोसेसर हे नुसतं निशाण. अलाऊ-लेगसी-सीपीयू हा शब्द निशाण उतरवतो, ड्रायव्हर परत आणत नाही.

पर्याय काय काय होते? नव्या ड्रायव्हरवर चालणारं वापरलेलं रेड कार्ड शोधायचं, पण मग डिस्कवरचा सगळा डेटा आधी बाहेर काढून नव्याने घडी बसवायची. ६.७ वर जायचं, जिथे हा प्रोसेसर इशारा देऊन का होईना चालतो आणि डिस्कही दिसतात. पण त्याचाही आधार ६.५ बरोबरच संपलेला, मग फायदा काय? किंवा ६.५ वरच राहून त्या आवृत्तीचे उपलब्ध सगळे पॅच टाकायचे, बाहेरचा पोर्ट बंद ठेवायचा आणि मशीन बदलण्याची तयारी करायची. मी शेवटचा सल्ला दिला आणि पॅच त्याच आठवड्यात टाकले. ज्या भोकामुळे हे सगळं सुरू झालं ते ६.५ च्या पॅचनेही बुजत होतं, हे मी फेब्रुवारीतच शांतपणे वाचलं असतं तर मे महिन्याचे दोन दिवस वाचले असते.

वासरू

जुलैमध्ये आबांच्या मुलाने पुण्याहून एक असेंबल केलेला डेस्कटॉप आणला. त्यात इंटेल कोअर आय-७ १२७००, नवी कोरी रॅम, एनव्हीएमई डिस्क. त्याचं म्हणणं, हे मशीन जुन्या सर्व्हरपेक्षा कितीतरी वेगवान आहे आणि वीजही कमी खातं. दोन्ही खरं होतं. जुन्यात ९५ वॅटचे दोन प्रोसेसर होते, यात मूळ ६५ वॅटचा एक.

यावर ईएसएक्सआय ८.० टाकायला बसलो. इन्स्टॉलर अर्ध्यावर आला आणि पडदा जांभळा, म्हणजे ईएसएक्सआय कोसळलं. हार्डवेअरच्या क्षमतांमध्ये विसंगती आढळली, सुरू करता येत नाही. खाली फेटल सीपीयू मिसमॅच आणि त्यापुढे प्रत्येक कोअरमागे किती हायपरथ्रेड, म्हणजे एकाच वेळी कामाचे किती धागे, यावरून तक्रार.

आबा मागे उभे होते. म्हणाले, "हाऊ जुना शे म्हनीसन चालत नई, तो नवा शे म्हनीसन चालत नई. मंग चालस तरी कोनता?"

म्हाताऱ्या बैलाला औत नको, कोवळ्या वासराला जू बसत नाही, अशातली गत. पण या वेळी कारण वेगळं होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. बाराव्या पिढीपासून इंटेलच्या अशा डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये दोन जातीचे कोअर एका चिपवर असतात. १२७०० मध्ये आठ ताकदवान, ज्यांना पी कोअर म्हणतात, आणि चार काटकसरी, म्हणजे ई कोअर. पी कोअरमध्ये हायपरथ्रेडिंग आहे, ई कोअरमध्ये नाही. ईएसएक्सआय सुरू होताना प्रत्येक कोअरची पहिल्या कोअरशी तुलना करतं, कारण सर्व्हरच्या जगात एका मशीनमधले सगळे कोअर एकसारखे असतात हे त्याने गृहीत धरलेलं आहे. व्हर्च्युअल मशीन एका कोअरवरून उचलून दुसऱ्यावर ठेवायचं तर दोन्हीकडे सारखंच मिळालं पाहिजे. एक कोअर वेगळा निघाला की ते पुढे जाण्याऐवजी थांबतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही थांबलो असतो.

इथेही एक शब्द आहे: सीपीयू-युनिफॉर्मिटी-हार्ड-चेक-पॅनिक, सगळं जोडून, त्यापुढे बरोबर आणि फॉल्स. तीच शिफ्ट-ओ ची जागा. इन्स्टॉल करताना एकदा, पहिल्या बूटला पुन्हा एकदा, आणि मग कायमसाठी ईएसएक्ससीएलआयच्या सिस्टिम सेटिंग्ज कर्नेल सेट या आज्ञेने. तसं केलं, चाललं.

चाललं, पण मला ते पटेना. ईएसएक्सआयच्या वाटपाला पी कोणता आणि ई कोणता याची जाण नाही. हिशेबाचं मशीन कधी ताकदवान कोअरवर बसे, कधी काटकसरी कोअरवर, आणि दिवाणजी म्हणत, "सर, सकाळी पळतं, दुपारी लंगडतं." हे उन्हामुळे की कोअरमुळे हे मी मोजून सिद्ध केलेलं नाही. पण बायोसमध्ये जाऊन चारही ई कोअर बंद केले, आणि ती तक्रार पुन्हा आली नाही. आठ पी कोअर, सोळा थ्रेड, तीन लहान मशीनला पुरून उरतात.

ई कोअर बंद झाले की विसंगतीच उरत नाही, मग तो शब्द काढून टाकावा असं वाटतं. मी मुद्दाम ठेवला. कारण मे महिन्यातला तो सेल. या मशीनचाही सेल कधीतरी मरेल, लाइट जातील, बायोस विसरेल, चारही ई कोअर पुन्हा जिवंत होतील, आणि ऐन हंगामात सकाळी सातला पडदा जांभळा दिसेल. तो शब्द असेल तर निदान मशीन लंगडत का होईना उठेल.

बाकीचं थोडक्यात. मदरबोर्डवरचं नेटवर्क रिअलटेकचं निघालं, त्याला ईएसएक्सआयमध्ये तेव्हा ड्रायव्हर नव्हता. म्हणून सर्व्हरमधलं इंटेल आय-३५० चं जुनं कार्ड बसवलं. त्याला चार पोर्ट आहेत, एकच वापरतो. या मशीनमध्ये ईसीसी, म्हणजे स्वतःची चूक पकडून दुरुस्त करणारी, रॅम नाही, ती या चिपसेटला घेताच येत नाही. हिशेबाच्या मशीनसाठी मला ते आवडलेलं नाही. आबांना सांगितलं, रोज रात्री बॅकअप, आणि आठवड्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, ती डिस्क घरी. बॅकअपच्या बाबतीत फुकटच्या ईएसएक्सआयला मर्यादा आहे. बाजारातली बॅकअप सॉफ्टवेअर ज्या दारातून आत येतात ते दार फुकटच्या परवान्यात बंद असतं, म्हणून स्क्रिप्टने फाइली उचलाव्या लागतात. आणि पेनड्राइव्हवरून बूट करण्याचा प्रकार मात्र बंद केला, ७.० च्या अपडेट ३ पासून व्हीएमवेअरनेच त्याला निरोप द्यायला सुरुवात केली होती.

काटा

खरी अडचण शेवटी प्रोसेसरने केलीच नाही, काट्याने केली. नव्या डेस्कटॉपला सिरीयल पोर्ट नाही. यूएसबी-टू-सिरीयल कन्व्हर्टर लावून तो व्हर्च्युअल मशीनला जोडला. चालायचं, पण ईएसएक्सआय रीबूट झालं की कधी कधी कन्व्हर्टर हाताने पुन्हा जोडावा लागे. शिवाय काट्याच्या सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल वेगळाच. ऑगस्टमध्ये चाचणीला एक रिकामा ट्रॅक्टर काट्यावर घेतला, आणि पडद्यावर वजन यायला इतका वेळ लागला की ड्रायव्हर उतरून तंबाखू मळायला लागला.

मी आबांना म्हटलं, काटा व्हर्च्युअल नको. ऑफिसमध्ये धूळ खात पडलेला एक जुना कॉम्प्युटर होता, मागे सिरीयल पोर्ट असलेला. त्यावर विंडोज ७ आणि काट्याचं सॉफ्टवेअर थेट टाकलं, इंटरनेटपासून पूर्ण तोडलं, आणि फक्त हिशेबाच्या मशीनला रोजची फाइल जाईल एवढीच वाट ठेवली. काही लोकांना हे मागे जाणं वाटेल. मला वाटत नाही. ज्या मशीनचं एकच काम आहे आणि ज्याच्यावर फाटकाबाहेरची रांग अवलंबून आहे, ते दुसऱ्या चार कामांबरोबर एका टोपलीत कशाला?

अमळनेर हे गाव या बाबतीत मजेदार आहे. इथेच डिसेंबर १९४५ मध्ये वनस्पती तेलाची एक कंपनी सुरू झाली आणि तीच पुढे विप्रो झाली, जगभर सॉफ्टवेअर विकणारी. त्याच गावाजवळच्या जिनिंगमध्ये मी सिरीयल केबल सरळ करत बसलो होतो.

जुन्या सर्व्हरचं पुढे काय झालं

भंगारात घालायचा होता, आबांनी घालू दिला नाही. "कसाले फेकस? चालू शे ना." सप्टेंबर २०२३ मध्ये ८.० चं अपडेट २ आलं तेव्हा धुळ्याच्या माझ्या एका मित्राने तो सर्व्हर दोन आठवड्यांसाठी मागून नेला. त्याला वाटलं, रिकाम्या डिस्कने शिकण्यापुरतं तरी त्यावर ८ चालेल. त्याने मला विचारलं, अलाऊ-लेगसी-सीपीयू नीट लिहिलंय, स्पेलिंग तीनदा बघितलं, तरी का अडतंय?

हा तिसरा प्रकार. अपडेट २ पासून ईएसएक्सआयला प्रोसेसरमध्ये एक्स-सेव्ह ही सूचना असणं सक्तीचं झालं, आणि वेस्टमियरमध्ये ती नाही. तिच्यापुढे कोणताही शब्द चालत नाही, कारण नसलेली सूचना बूटच्या ओळीत लिहून प्रोसेसरमध्ये येत नाही. त्याच्या पुढची पिढी, सँडी ब्रिज, २०११ ची, तिच्यात एक्स-सेव्ह आणि एव्हीएक्स या दोन्ही सूचना आहेत, ८.० ने तीही यादीतून काढली, पण ते पुन्हा दुसऱ्या प्रकारातलं, लावलेलं दार. मित्राला म्हटलं, शिकायचंच असेल तर त्या पिढीचा वापरलेला सर्व्हर घे, हा परत पाठव.

परत आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआयचा फुकटचा परवाना बंद झाल्याची बातमी आली. व्हीएमवेअर त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली होती. आबांच्या डेस्कटॉपवरचा परवाना चालूच राहिला, पण नव्याने काही उभं करायचं तर आता दुसरीकडे बघायला हवं होतं. एप्रिल २०२५ मध्ये फुकटची आवृत्ती ८.० च्या अपडेट ३-ई बरोबर परत आली खरी, पण तोवर आम्ही वाट बदललेली.

२०२४ च्या उन्हाळ्यात जुन्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स ८ टाकलं, ईएसएक्सआयचंच काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर. डेबियन या लिनक्सवर बसलेलं, आतून केव्हीएम. प्रोसेसर जुना म्हणून त्याने हूं की चूं केलं नाही, आणि रेड कार्डही ओळखलं. लिनक्समध्ये त्या कार्डाचा ड्रायव्हर अजून आहे. ईएसएक्सआयने जो थर काढला, त्यातून जे चालायचे ते ड्रायव्हर मुळात इथलेच. नवं व्हर्च्युअल मशीन करताना प्रॉक्समॉक्स आपणहून एक्स-८६-६४ व्ही-२ एईएस हा प्रोसेसर-प्रकार सुचवतं, आणि इंटेलमध्ये त्याची किमान पायरी वेस्टमियरच आहे. काठावर पास. पण पाहुण्याला, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनला, घरात आहे तेच मिळतं. एव्हीएक्स लागणारं काही त्यावर टाकायचं तर ते कोसळणार. उदाहरणार्थ मोंगोडीबी ५ किंवा पुढचं. फाइलींचा साठा आणि रोजचे बॅकअप ठेवायला एव्हीएक्स लागत नाही.

तर आता मांडणी अशी आहे. हिशेब डेस्कटॉपवर, काटा त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर, आणि जुना सर्व्हर रात्री अकराला उठतो, बॅकअप घेतो, पहाटे बंद होतो. दिवसा बंद ठेवायचं आबांनीच सुचवलं, वीजबिल बघून. हिशेबाच्या मशीनची एक प्रत मी त्यावर आणूनही ठेवली आहे: डेस्कटॉपवरून त्याच्या डिस्कची व्हीएमडीके फाइल उतरवली, क्यूएम इम्पोर्टडिस्कने आत घेतली, विंडोजला विर्टआयओचे ड्रायव्हर घातले. पहिल्यांदा निळा पडदा आला, कारण ड्रायव्हर घालण्याआधीच मी डिस्कचा प्रकार बदलला होता. आधी साटा ठेवून सुरू केलं, ड्रायव्हर घातले, मग बदललं.

मेमध्ये आणलेल्या सेलबरोबर दुकानदाराने अजून एक दिला होता, दोनची पट्टी होती म्हणून. तो डेस्कटॉपच्या कॅबिनेटला आतून चिकटपट्टीने लावून ठेवलाय, त्यावर तारीख घालून.